पप्पांना आणायला गुंफेत

त्या गोम्पाचं, म्हणजे लडाखी बौद्ध मठाचं, नाव मी इथे लिहिणार नाही. झंस्करच्या डोंगरात एका उभ्या कड्याच्या पोटात तो आहे, ज्याला शोधायचा त्याला सापडेल. पण तिथल्या माणसांवर मी जेवढा संशय घेतला तेवढा माझ्या पगारी नोकरीतही कुणावर घेतला नसेल, आणि नोकरी माझी संशय घेण्याचीच आहे. परळला, पूर्वी जिथे गिरणी होती तिथल्या काचेच्या इमारतीत बसून मी आरोग्यविम्याचे क्लेम तपासते. ताप खरा होता का, पाय मोडला तो जिन्यावरून की आणखी कुठून, असं दिवसभर. सवय लागते. घरी दूधवाल्याकडेही मी तशीच बघते असं माझा नवरा म्हणतो.

परळ

झालं ते असं. वरळीच्या आमच्या विहारातली मंडळी उन्हाळ्यात लेहला गेली. त्यांच्याबरोबर पप्पाही गेले. सत्तरीला टेकलेले, माझगावच्या गोदीतून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून गप्प. मंडळी परत आली, पप्पा आले नाहीत. "एका लामाबरोबर गेले, चार दिवसांनी येतो म्हणाले. खूश होते," असं सांगत सगळे आपापल्या बॅगा उचलून घरी गेले.

चार दिवसांचे दोन महिने झाले. मधे दोनदा कुणाच्यातरी फोनवरून पप्पांचा आवाज आला. "बरा आहे. काळजी करू नका." कुठे आहात, कुणाबरोबर आहात, गोळ्या घेता का, एकाचंही उत्तर नाही. मग एक दिवस मी ऑफिसात असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. पुरुषाचा आवाज, तुटकी हिंदी. "मॅडम, आप का पिताजी इधर है. ठंड से पहले ले जाओ." गोम्पाचं नाव सांगितलं आणि लाइन गेली. परत लावला तर लागेचना.

ले जाओ म्हणजे काय? माणूस स्वतःच्या पायांनी येत नाही, त्याला न्यावं लागतं, म्हणजे काय समजायचं? मी तासभर कॉम्प्युटरकडे नुसती बघत बसले. आजारी असतील. डांबून ठेवलं असेल. किंवा त्याहून वाईट, आणि सांगणाऱ्याला सांगवत नसेल.

नवऱ्याला रजा मिळेना. आत्या म्हणाली, "मी येते." शांताआत्या म्हणजे पप्पांची धाकटी बहीण. परळच्या चाळीत एकटी राहते, हॉस्पिटलात आया होती. गुडघे सोडले तर ठणठणीत. तिने बॅग भरली तेव्हा मी बाजूला होते. लसणाची चटणी, बाजरीच्या कडक भाकऱ्या, आणि प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली सुकट.

"आत्या, गोम्पात सुकट?"

"गोम्पाला कोण देतंय? दादासाठी आहे."

कारगिलच्या पुढे

लेहला श्वास जुळवून घ्यायला थांबावं लागतं, ते दिवस सोडून देते. कारगिलहून एक ड्रायव्हर मिळाला, मध्यमवयीन, दाढीवाला, बोलायला गोड. मला गोड बोलणारे आवडत नाहीत. गाडी चालवता चालवता तो सारखा फोनवर बोलत होता. त्याची भाषा कळत नव्हती, पण "बॉम्बे" दोनदा कळलं आणि "लेडीज" एकदा. मी आत्याला कोपराने ढोसलं. आत्याने बॅग मांडीवर घेतली.

बाहेरचं सांगायचं तर डोंगर असे की त्यांच्यावर गवताची काडी नाही, पण रंग मात्र सगळे. जांभळा, विटकरी, मधेच तांब्याच्या जुन्या भांड्याला चढतो तसा हिरवा. एका वळणावर हिमनदी रस्त्याच्या इतकी जवळ आली की गाडीत गारवा शिरला. आत्याने खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "मळका आहे ग बर्फ." खरंच मळका होता. फोटोत कधी दिसत नाही.

दुपार उतरताना ड्रायव्हरने मुख्य रस्ता सोडून गाडी एका एकट्या घरासमोर उभी केली. आजूबाजूला दुसरं घर नाही. "उतरिए." मी उतरले नाही. "यहां क्यों?" तो हसला. तेवढ्यात दारातून एक बाई आली, डोक्याला रुमाल, हात पिठाचे. त्याची बहीण. पुढच्या गावात सुगीमुळे राहायची घरं बंद असतील म्हणून त्याने रस्ताभर फोन करून आमची सोय तिच्याकडे केली होती. "बोला, बॉम्बे से दो लेडीज है, चाय में नमक कम डालना," तो म्हणाला.

तरी चहात मीठ होतंच. वर लोण्याचा तवंग. आत्याने एक घोट घेतला, डोळे मिटले, गिळला. "सूप म्हणून पी," मला म्हणाली. "चहा म्हणून पिऊ नको." सल्ला चांगला होता. मी दोन वाट्या प्यायले.

पण रात्री दाराला कडी नव्हती म्हणून मी बॅग दाराला लावून झोपले.

पायवाट

दुसऱ्या दिवशी गाडीचा रस्ता एका गावाच्या पुढे संपला. नदीकाठी एक माणूस घोडा घेऊन उभा होता. स्टॅन्झिन त्याचं नाव, चाळिशीचा, उन्हाने गाल भाजलेले. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "आप मेमे का बेटी?"

"मेमे कौन?"

"मेमे. बॉम्बे वाला." आणि एकदम चूक झाल्यासारखा घोड्याचा पट्टा आवळायला लागला. मेमे म्हणजे आजोबा, हे मला नंतर कळलं. मी येणार हे याला कुणी सांगितलं? मी विचारलं. तो म्हणाला, "सबको मालूम." यापलीकडे काही नाही.

पायवाट नदीला धरून जाते. पाणी इतकं निळं-हिरवं की ते पाणी वाटत नाही. एका बाजूला ते पाणी खूप खाली, दुसऱ्या बाजूला भुसभुशीत दरड, वरून अधूनमधून खडे येतात. आत्या घोड्यावर, मी पायी. अर्ध्या वाटेत माझ्या बुटाचा तळवा सुटला आणि जिभेसारखा लोंबायला लागला. दादरला घेतलेले नवे बूट, ट्रेकिंगचे म्हणून घेतलेले. आत्याने घोड्यावरूनच पिशवीत हात घातला आणि परकराची एक जादा नाडी काढून दिली. "बांध. कुणी बघत नाही." स्टॅन्झिन बघत होता. त्यानेच बांधून दिली, माझ्यापेक्षा घट्ट.

शेवटच्या वळणाआधी तो थांबला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि वरच्या दिशेने लांबलचक काहीतरी ओरडला.

"क्या बोला?"

"बोला, मेहमान आया."

एवढ्या लांब वाक्यात दोनच शब्द? मग वळण संपलं, समोर गोम्पा दिसला, आणि त्याच वेळी एका गच्चीवरची आकृती चटकन आत गेलेली मी पाहिली.

कड्याच्या पोटात

कल्पना करा. राखाडी-तांबड्या कड्याला मधोमध एक मोठं काळं तोंड आहे, आणि त्या तोंडातून खाली पांढरी घरं ओघळल्यासारखी लटकलेली. एकावर एक, एकाला एक चिकटून. लाकडाच्या खिडक्या, मातीच्या भिंती, मधून अरुंद जिने. आपल्याकडे कान्हेरीला शाळेच्या सहलीत सगळेच जातात. तिथे दगडात कोरलेल्या खोल्या आहेत, दगडाची टाकी आहेत, पण माणूस नाही. इथे खिडक्यांतून लाल वस्त्रं वाळत होती, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी खोकत होतं.

आत्या घोड्यावरून उतरली, कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली. "अगं सुजा, ही तर चाळच!"

दारात थुपतेन नावाचा लामा आला. पन्नाशीचा, जाड चष्मा, हातात कांदे. त्याचा आवाज ऐकला आणि मी ओळखलं, फोन याचाच.

"मेरे पिताजी कहां हैं?"

"मेमे ऊपर है." त्याने कड्याकडे बोट दाखवलं. "ध्यान में. मौन. तीन दिन किसी को नहीं मिलेगा."

"हम बॉम्बे से आए हैं."

"हां," तो म्हणाला आणि कांद्यांकडे बघायला लागला.

पप्पा आणि मौन हे एक वेळ पटलं असतं. पण पप्पा आणि ध्यान? विहारात दहा मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं तर घोरणारा माणूस. मी मान डोलावली. क्लेमवाला खोटं बोलतो तेव्हा त्याला बोलू द्यायचं असतं.

थुपतेनने आम्हाला मुख्य गुंफेत नेलं. आत कड्याच्या पोटात पाण्याचा झरा आहे, बारमाही. लोण्याच्या दिव्यांचा वास, काजळी, आणि भिंतीवर सुळे बाहेर आलेल्या, कवट्यांची माळ घातलेल्या देवता. आत्याने बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकले, हात जोडले, आणि उठताना त्या सुळेवाल्यांकडे पाठ केली. "बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण," माझ्या कानात म्हणाली. "हे आपलं नाही. दादाला यांनी कशाला लावलंय कोण जाणे."

बाहेर एक म्हातारा लामा उन्हात बसला होता. हात हलवून हसला. मी हसले नाही. त्याच्या लाल वस्त्रावर तपकिरी रंगाचा, बिनबाह्यांचा स्वेटर होता, खिशापाशी रफू केलेला. तो रफू मी केला होता.

"आत्या."

"बघितला," आत्या म्हणाली.

हॉस्पिटलात माणूस गेल्यावर त्याचे कपडे वाटून टाकतात, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. थुपतेन पुढे चालत होता, आणि त्याची ती शांत पाठ बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

स्वयंपाकघर

त्याने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. काळवंडलेली खोली, मधे मोठी चूल, पितळेचे हंडे ओळीने. फळीवर पप्पांचा चष्मा होता. चष्म्याशिवाय पप्पा गॅलरीच्या टोकापर्यंतही जात नाहीत.

"ये चष्मा?"

"मेमे का." थुपतेनने तो उचलला, पुसला, परत ठेवला. "मौन में चष्मा नहीं चाहिए."

आता माझ्या डोक्यात सगळं जुळत चाललं होतं. पडले असतील कुठेतरी. नदीत, किंवा त्या दरडीवर. थुपतेनने वाट्या मांडल्या, भात वाढला, वर डाळ घातली. मी वाटीला हात लावला नाही. आत्याने मात्र एक घास घेतला. बायामाणसांची सवय, समोर आलेलं नाकारायचं नाही. तिने घास तोंडात तसाच धरला. मग गिळला. दुसरा घेतला.

"सुजा, खा."

"भूक नाही."

"खा म्हणते ना. डाळीत माझा मसाला आहे."

मी खाल्लं. खोबरं, लवंग, धणे आणि ते दगडफूल, जे आत्या लालबागच्या एकाच दुकानातून आणते आणि उन्हाळ्यात चाळीच्या गच्चीवर वाळवते. पप्पा निघाले तेव्हा तिने त्यांच्या बॅगेत एक डबा टाकला होता.

"मसाला यांनी डब्यातून घेतला असेल," मी म्हटलं.

"घेऊ दे. पण फोडणी कुणी दिली? मसाला आधी तेलात आणि मग वर पाणी मारायचं, हे या लामाला कुणी शिकवलं? ही डाळ आजची आहे. गरम आहे." तिने वाटी खाली ठेवली, साडी सावरली, आणि स्वयंपाकघराबाहेरच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मी मागे धावले. तिने मान वर केली आणि चाळीत खालून तिसऱ्या मजल्यावर हाक मारतात तशी, पोटातून हाक मारली.

"ए दादाऽऽ! दादा रेऽऽ!"

कडा ती हाक घेऊन फिरला. एक खिडकी उघडली, मग दुसरी, मग वरच्या रांगेतल्या तीन-चार. सगळ्यांतून लामांची डोकी बाहेर आली. म्हातारे, तरुण, एकाच्या तोंडाला साबण होता. अगदी आमच्या चाळीत भांडण झाल्यावर येत तशी.

"दादा, मला वर यायला लावू नकोस! माझे गुडघे दुखतात!"

सगळ्यात वरच्या, कोपऱ्यातल्या खिडकीतून एक पांढरं डोकं हळूच बाहेर आलं. चष्म्याशिवाय, डोळे बारीक केलेलं.

"शांते," पप्पा म्हणाले, "ओरडू नको. इथे लोक अभ्यास करतात."

मी तिथल्या पायरीवर बसले.

ते खाली आले तेव्हा पहिल्यांदा माझ्यावरच चिडले. "तुला पत्ता कुणी दिला?" थुपतेन मागे उभा होता. त्याने हात वर केला, वर्गात चूक कबूल करावी तसा. फोन त्याने केला होता, पप्पांना न सांगता. थंडी पडली की वाट गोठते, वर डॉक्टर नाही, आणि पप्पा गेल्या महिन्यात झऱ्यापाशी चक्कर येऊन पडले होते. मग आम्ही येतोय हे खालच्या गावातून कळलं तेव्हा पप्पांनी सगळ्यांना बजावलं, वाटेवर पोरगी दिसली की हाक द्या आणि मी ध्यानात आहे म्हणून सांगा. स्टॅन्झिनची लांबलचक हाक ती होती. घाईत जिना चढताना चष्मा राहून गेला. स्वेटर त्यांनी त्या म्हाताऱ्याला आपणहून दिला होता, त्याला सांध्यांचा त्रास म्हणून.

"मेमे बोला, झूठ बोलो," थुपतेन म्हणाला. "हमको झूठ ठीक से आता नहीं, मॅडम."

मला वाटलं होतं तो फारच चांगलं खोटं बोलतो.

संध्याकाळ

गच्चीत ऊन होतं तोवर आम्ही तिघं बोलत बसलो. म्हणजे भांडत बसलो. आत्याने आधी सुळेवाल्यांचा विषय काढला. पप्पा म्हणाले, "मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, मी नमस्कार फक्त बुद्धाला करणार. म्हणाले, बरं. एवढंच. मी पूजा करत नाही शांते, भाजी चिरतो."

"भाजी चिरायला एवढ्या लांब? घरी काय कमी होतं?" मी विचारलं.

घर म्हणजे बीडीडी चाळ पाडल्यावर मिळालेलं नवं, टॉवरमधलं. हवा आहे, उजेड आहे, आत संडास आहे. ज्यासाठी पप्पांनी अर्धं आयुष्य मोर्चे काढले ते सगळं आहे.

पप्पांनी खालच्या नदीकडे बघितलं. "कमी काही नाही ग. तुम्ही दोघं सकाळी जाता. मी दार उघडतो, समोर तीन दारं, तिन्ही बंद. लिफ्टमध्ये माणूस भेटतो तर तो फोनमध्ये. वर राहायला गेल्यापासून मला कुणी हाक मारली नाही, सुजा. दरवाजाची बेल वाजते तीही पार्सलवाल्याची." मग जरा हसले. "इथे पहाटेपासून मेमे, मेमे. मीठ कुठे आहे मेमे, भात करपला मेमे. डोकं खातात."

मी बीपीचं मशीन काढलं. आकडा आला तो मी आधी दोनदा बघितला आणि मग मोठ्याने वाचला. फार वर होता.

"मशीन तुझं," पप्पा म्हणाले. "तुला पाहिजे तोच आकडा दाखवणार."

"पप्पा!"

"तू मला न्यायला आलीस. तुझ्यावर मी विश्वास का ठेवावा?"

हा स्वभाव मला कुणाकडून मिळाला हे तेव्हा कळलं. गोळ्यांचं विचारलं तर म्हणाले, संपल्या. कधी? आठवत नाही. थुपतेनने समजावलं, मी रडले, उपयोग शून्य. पप्पांनी एकच धरून ठेवलं होतं, मी कुठेही येणार नाही.

गोळ्यांच्या वादात आत्या मात्र पडली नव्हती. ती याकचं वाळवलेलं चीज चघळत होती, दगडासारखं. "हे विरघळतं की दात जातात?" एवढंच तिने थुपतेनला विचारलं, मराठीतच.

दुसरी सकाळ

सकाळी उठले तर आत्याने बॅगेतलं सगळं सामान बाहेर काढून भिंतीतल्या कोनाड्यात लावलं होतं. चटणी, भाकऱ्या, तेलाची बाटली, देवळीत बुद्धाचा छोटा फोटो.

"हे काय?"

"मीपण राहते," आत्या म्हणाली. "दादा राहतो ना? मलातरी परळला कोण आहे?"

पप्पा चहा घेऊन दारात उभे होते. "वेडी आहेस का? तुला झेपणार नाही."

"तुला झेपतं?"

"माझं वेगळं."

"कसं वेगळं? एकाच आईच्या पोटचे आपण." आणि तिने कळशी उचलली, झऱ्याचं पाणी आणायला निघाली. आम्ही दोघं बघत राहिलो. जाताना ठीक गेली. भरलेली कळशी घेऊन जिना चढताना मधेच थांबली. कळशी ठेवली. भिंतीला टेकली. मग खालीच बसली, छातीवर हात, तोंड उघडं, श्वास असा की शिट्टीसारखा आवाज येत होता.

मी ऑक्सिमीटर घेऊन धावले. "बोट दे."

"नको... बोट थंड आहे..." तिने हात शालीत घातला.

"आत्या, दे बोट!"

"दम... खाऊ दे..."

मी शालीत हात घालून तिचं मनगट धरायचा प्रयत्न केला तर तिने ते सोडवून घेतलं, आणि ज्या जोराने सोडवून घेतलं तो जोर दम लागलेल्या बाईचा नव्हता. मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे मिटलेले. पापणीही हलत नव्हती. तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. माणूस श्वासासाठी कसा तडफडतो, हे तिने जेवढं बघितलंय तेवढं मी कागदावरही नाही.

पप्पांचा चेहरा पांढरा झाला होता. ते खाली वाकले, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. "शांते. ए शांते. बघ माझ्याकडे." मग उभे राहिले आणि गोम्पा दणाणेल असे ओरडले, "स्टॅन्झिन! घोडा!"

"मी नाही जात," आत्या धापांमधून म्हणाली. "एकटी नाही जाणार. तू राहिलास तर मी इथेच..."

"येतो ग बाई, येतो! गप बस आता!"

सामान पंधरा मिनिटांत भरलं. सगळे लामा खाली आले. ज्याच्या अंगावर स्वेटर होता तो म्हातारा तो काढून परत द्यायला लागला तर पप्पांनी त्याची बटणं पुन्हा लावली. थुपतेन पुढे आला, आपलं कपाळ पप्पांच्या कपाळाला टेकवलं आणि क्षणभर तसाच राहिला. माझ्या हातात त्याने त्या दगडी चीजची माळ दिली. मी "थँक्यू" म्हटलं, आणखी बरंच म्हणायचं होतं, हिंदीत सुचलं नाही.

उतरताना

पप्पा पुढे, झपाझप. डॉक्टर असलेलं गाव लवकर गाठायचं म्हणून. घोड्यावर आत्या, मान खाली घातलेली. एका जागी वाट दरडीने खाल्ली होती, तिथे स्टॅन्झिनने तिला उतरायला सांगितलं. पप्पा वळणापलीकडे गेले होते, दिसत नव्हते. आत्या उतरली, साडीचा घोळ वर खोचला आणि त्या भुसभुशीत दगडांवरून, माझ्या नाडी बांधलेल्या बुटांना मागे टाकत, न थांबता पलीकडे गेली. गुडघ्याचं नाव नाही. चढाला तोंडाने श्वाससुद्धा घेतला नाही. पलीकडे पोचली, वळण आलं, पप्पांची टोपी दिसली, आणि तिचा हात छातीवर गेला.

स्टॅन्झिनने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. तो घोड्याच्या मानेवर थोपटत राहिला.

गावातल्या दवाखान्यात डॉक्टरने आधी आत्याला तपासलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, हिला काही नाही. मग, आलेच आहेत तर, म्हणून पप्पांना तपासलं. आणि त्यांना तिथून हलू दिलं नाही. सलाईन, इंजेक्शन, दोन दिवस. आणखी काही दिवस वर राहिले असते तर, असं म्हणून त्याने वाक्य सोडून दिलं. आत्या बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होती. तिने पिशवीतली सुकट काढली आणि दवाखान्याच्या आवारातच, तिथल्या एका बाईकडून तवा मागून, भाजायला घेतली. त्या वासाने अर्धं गाव गोळा झालं. पप्पांनी बाजरीच्या भाकरीबरोबर ती खाल्ली आणि बऱ्याच दिवसांनी कुणाशी भांडले नाहीत.

परत परळला

पप्पा आता टॉवरमध्ये राहत नाहीत. आत्याकडे राहतात, चाळीतल्या तिच्या एका खोलीत. तिथे संडास बाहेर आहे आणि गॅलरीत सकाळी नळासाठी भांडणं होतात, आणि पप्पा त्यात हिरिरीने भाग घेतात. गोळ्या आत्या स्वतः समोर उभी राहून देते, जीभ वर करून दाखवायला लावते. तिला त्यांच्यावर विश्वास नाही.

परवा रविवारी मी गेले होते. पप्पा गॅलरीत लसूण सोलत बसले होते. मीही बसले. सोलता सोलता ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, "तुझी आत्या तेव्हा नाटक करत होती. गुंफेत."

माझा हात थांबला. "तुम्हाला कधी कळलं?"

"तिथेच. जिन्यावर. दम लागलेलं माणूस एवढं बोलतं का? आणि मी पाठीवर हात ठेवला होता ना. छाती अशी चालली होती, घड्याळासारखी."

"मग आलात कशाला?"

त्यांनी एक पाकळी सोलली, वाटीत टाकली. "एवढ्या लांब येऊन, त्या थंडीत, ह्या वयात, माझ्यासाठी एवढं नाटक केलं तिने. कुणासाठी करतं कुणी?"

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला. "काय कुजबुजताय रे तुम्ही दोघं?" आत्याने आतून विचारलं.

"काही नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.